सांडपाण्यातील औषधे आणि मेंथॉलचा द्रावक

मेंथॉल आणि डेकॅनोइक आम्ल (एक मेदाम्ल) यांच्या द्रावकाने घाटकोपरच्या मलजल केंद्रातील पाण्यातून डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक व सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक काढता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. प्रयोगशाळेत डायक्लोफेनॅक चांगले निघेल. शहराच्या सांडपाण्यासाठी मात्र ही पद्धत मी सुचवणार नाही.

हा द्रावक आपल्याला अनोळखी नाही. पुदिन्याचे फूल (मेंथॉल), ओव्याचे फूल (थायमॉल) आणि कापूर एका बाटलीत घातले की तिन्ही कोरडे पदार्थ आपोआप पातळ होऊन अमृतधारा तयार होते. मेंथॉल आणि डेकॅनोइक आम्ल एकत्र आल्यावरही हेच घडते आणि पाण्यात न मिसळणारे तेल मिळते.

खरी मेख सामूत, म्हणजे पाण्याच्या pH मध्ये आहे. डायक्लोफेनॅक हे आम्ल असल्याने सामू 7 च्या पाण्यात ते जवळजवळ पूर्णपणे आयनरूपात, म्हणजे विद्युतभारित असते आणि तेलात फारसे शिरत नाही. त्यासाठी सामू 3 च्या खाली आणावा लागतो, आणि मलजल केंद्राच्या रोजच्या पाण्यात इतके आम्ल ओतणे शक्यच नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या रेणूवर कोणत्याही सामूला विद्युतभार राहतोच, त्यामुळे नुसत्या मेंथॉलकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

दुसरी बाब मला अधिक गंभीर वाटते. मेंथॉल लिटरभर पाण्यात काही शे मिलिग्रॅम विरघळते, तर शहरी सांडपाण्यात औषध असते लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. म्हणजे जेवढे प्रदूषक काढायचे, त्याच्या कित्येक पट सेंद्रिय भार आपणच पाण्यात सोडणार! अशा विरल पाण्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसाच योग्य; स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक केंद्रांसाठी हाच मार्ग धरला आहे.

निष्कर्षणाची, म्हणजे द्रावकाने औषध खेचून घेण्याची जागा कारखान्याच्या आत, मूळ प्रवाहावर आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरूतील औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन आढळल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले होते. तारापूर किंवा अंबरनाथच्या एखाद्या औषधनिर्मिती कारखान्यातून, इतर पाण्यात मिसळण्याआधीचा नमुना मिळाला, तर तुमच्या प्रकल्पाला अर्थ येईल.

द्रावकातून औषध परत काढताना मी एकदा कॉस्टिक सोडा वापरला होता. डेकॅनोइक आम्लाचा साबण झाला आणि विलगक नरसाळ्यात मधोमध दुधाळ फेसाचा जाड थर बसला, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलला नाही. म्हणून डायक्लोफेनॅकसाठी मेंथॉल-थायमॉल घ्या आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने ते अनेकदा धुवा. थायमॉल जंतुनाशक असल्याने द्रावकाच्या संपर्कात आलेले पाणी जैविक टाकीत सोडण्यापूर्वी कोळशातून गाळणे आवश्यक आहे. प्रत्येक फेरीनंतर औषधाबरोबरच पाण्याचा सीओडी (सेंद्रिय भाराचे माप) आणि उरलेल्या द्रावकाचे वजनही नोंदवा.