पुढचा ब्रेक कोणत्या हाताला?

सरळ सांगतो, सायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवा. आपल्याकडे स्कूटर असो वा मोटारसायकल, पुढचा ब्रेक उजव्याच मुठीत असतो. रोज ऑफिसला दुचाकीवर आणि रविवारी सायकलवर जाणार असाल, तर घाबरून ब्रेक दाबताना हाताला विचार करायला वेळ नसतो. तो सवयीनेच वागतो.

दुसरं म्हणजे आपण डावीकडून चालतो. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढावा लागतो, तेव्हा हँडलवर फक्त डावा उरतो. एका हाताने हँडल धरलेलं असताना पुढचा ब्रेक जोरात लागला तर चाक वळून तुम्ही आडवे. त्या क्षणी डाव्या बोटांखाली मागचाच ब्रेक हवा.

अमेरिकेत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत उलटं असतं, पुढचा डावीकडे. म्हणून बाहेरून आणलेली किंवा सेकंडहँड सायकल घेतली की आधी पुढचं चाक उचलून फिरवा आणि उजवा लिव्हर दाबा. थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर बदलून घ्या. केबलचे ब्रेक असतील तर कोणताही मेकॅनिक अदलाबदल करून देईल, फक्त केबल ताणली किंवा फार वाकली नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे असतील, तर तेल बाहेर येऊ शकतं, ब्लीडिंग लागतं, म्हणजे नळीत शिरलेली हवा काढावी लागते. घरी खटपट नको.

आणि ‘पुढचा दाबलास तर उलटशील’ असं सांगून मागच्यावरच चालवायला लावणारे भेटतील. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. खरी थांबवण्याची ताकद पुढेच आहे. मोकळ्या मैदानात हळूहळू दाब वाढवत अंदाज घ्या, बूड सीटवर जरा मागे सरकवून. ओल्या रस्त्यावर आणि खडीवर मात्र पुढचा अगदी हलक्या हाताने.