डबा रिकामाच राहिला! पाच भाकरी, दोन मासे आणि वाटून न खाणारं मूल

“मॅडम, घरात रोज प्रार्थना होते, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकत नाही, धर्मशिक्षणाच्या वर्गाला पाठवतो. तरी हा कुणाला बिस्किटाचा तुकडा देत नाही. आमचं कुठे चुकलं?” वसईतल्या कॅथलिक घरांतून हा प्रश्न थोड्याफार फरकाने वारंवार येतो. मूल साधारण चार ते आठ वर्षांचं असतं. पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत ख्रिस्तप्रसादाची भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, एक-दोन वर्षांवर आलेलं असतं, म्हणून काळजीत लाजही मिसळलेली असते. अशा अनेक घरांच्या वतीने इथे एका मुलाची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सहा वर्षांचा, घरात धाकटी बहीण. शाळेत तो डबा झाकण अर्धं लावून, पाठ करून खायचा. घरी आलेल्या मावसभावाला त्याने सुकेळी (वाळवलेली केळी) दिली नाही, उलट उशीखाली लपवली. आईने समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी “येशूला असं वागलेलं आवडत नाही” असंही सांगितलं. त्यानंतर लपवणं वाढलं.

“आधी असाच होता का?” मी विचारलं.

आई थोडा वेळ थांबली. “नाही हो. बालवाडीत तर सगळ्यांना वाटून यायचा.”

या उत्तरापाशी थांबावं लागतं. स्वभावाने न देणारं मूल वेगळं आणि देता देता थांबलेलं मूल वेगळं. थांबलेल्या मुलाने मनाशी काहीतरी हिशेब केलेला असतो. तो उलगडल्याशिवाय शिकवण पुढे सरकत नाही.

मुलासमोर मातीच्या पाच भाकऱ्या, दोन मासे, एक टोपली आणि थोडी लाकडी माणसं ठेवली. एका मुलाजवळच्या एवढ्याच शिदोरीत येशूने पाच हजार माणसांना जेवू घातलं, ही शुभवर्तमानातली, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातली, गोष्ट त्याला पाठ होती. त्याने माणसं बसवली, भाकऱ्या वाटल्या. मग एक छोटं माणूस उचलून टोपलीजवळ आणलं.

“हा कोण?”

“तोच मुलगा. डबा बघतोय.”

“काय दिसतंय त्याला?”

“काहीच नाही. रिकामा आहे.”

“मग?”

“येशू त्याच्यावर रागावलाय. म्हणून त्याचं वाढलं नाही.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात गोष्ट सांगताना कुणीतरी प्रेमाने म्हणालं होतं, “तुम्ही द्या, देव दुप्पट करून देतो.” दुसऱ्याच दिवशी या मुलाने दोन्ही चपात्या मित्रांना दिल्या, डब्याचं झाकण लावलं, मनात प्रार्थना केली आणि झाकण उघडलं. डबा रिकामाच होता. शाळा सुटेपर्यंत तो उपाशी राहिला आणि घरी कुणाला काही बोलला नाही. त्याच्या मते दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर गोष्ट खोटी होती, नाही तर तो येशूचा नावडता होता. गोष्ट खोटी म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी त्याला स्वार्थी म्हणत होते.” मला मात्र त्या मुलाचं कौतुक वाटलं. त्याने ऐकलेल्या शब्दावर पूर्ण विश्वास टाकून, जेवणाची किंमत मोजून, तो तपासून पाहिला होता. याला स्वार्थ म्हणत नाहीत, याला श्रद्धा म्हणतात. ती दुखावली गेली होती.

पुढच्या भेटीत पुन्हा तीच माती, तीच माणसं.

“शुभवर्तमानात लिहिलंय, सगळे जेवून तृप्त झाले. ‘सगळे’मध्ये तो मुलगा होता का?”

तो बराच वेळ माणसं पाहत राहिला. “होता. तोही जेवला.”

“मग त्या दिवशी शाळेत तुझं पोट भरलं?”

“नाही.”

“मग कुणीतरी मोठ्यांनी तुझ्याकडे बघायला हवं होतं. ते काम तुझं नव्हतं आणि येशू तुझ्यावर रागावलेलाही नव्हता.”

त्याने ते छोटं माणूस उचललं, इतरांच्या मधोमध गवतावर बसवलं आणि त्याच्यापुढे एक अख्खी भाकरी ठेवली.

मुलांना वाटून घ्यायला शिकवताना नेमकं हेच सुटतं. या चमत्कारात देणारा उपाशी राहत नाही. आपण मात्र गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो, वर बक्षिसाची हमी देतो, आणि दोन्ही गोष्टी मुलाच्या डब्यात टिकत नाहीत.

आता ही गोष्ट लहानांना कशी सांगावी, ते सविस्तर सांगते.

पुनरुत्थान सोडलं तर चारही शुभवर्तमानांत आलेला हा एकमेव चमत्कार आहे. भाकऱ्यांचा मुलगा मात्र फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात भेटतो, म्हणून मुलांसाठी तोच भाग घ्यावा. सात भाकरी, चार हजार माणसं आणि सात टोपल्या हा मत्तय आणि मार्कातला वेगळा प्रसंग आहे. तो यात मिसळला की आकडे गोंधळतात आणि मुलं नेमकी आकडेच धरून ठेवतात.

साहित्य थोडंच लागतं. हाताएवढ्या पाच भाकऱ्या, कागदाचे दोन मासे, एक मोठी टोपली. जवाची भाकरी हे तेव्हा गरिबाचं अन्न होतं. वसईतल्या मुलाला तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी दाखवली की तो मुलगा लगेच ओळखीचा होतो. पहिल्यांदा सांगताना पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये. येशूचा शिष्य फिलिप याचा हिशेब जरूर सांगावा. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाला थोडंथोडं मिळायलाही पुरणार नाहीत, असं तो म्हणतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे मोठ्या माणसालाही ‘पुरणार नाही’ ही भीती वाटते. दुसरा शिष्य अंद्रिया मुलाला पुढे आणतो, पण लगेच विचारतो, इतक्यांना हे कसं पुरणार? ही दोन वाक्यं गाळली की मुलाला वाटतं, भीती फक्त आपल्यालाच वाटते.

मग गवतावर बसणं, येशूने भाकरी घेऊन आभार मानणं, वाटणं. इथे थांबून एक भाकरी खरंच मोडावी आणि प्रत्येकाच्या हातात तुकडा द्यावा. मोडणाऱ्याने शेवटचा तुकडा स्वतः खावा, सगळ्यांना दिसेल असा. त्यानंतर उरलेले तुकडे टोपलीत गोळा करावेत, कारण काही वाया जाऊ नये असं येशूनेच सांगितलं होतं. बारा टोपल्या भरल्या.

त्या मुलाने कसं दिलं, हसत की कुरकुरत, त्याला कुणी विचारलं का, यातलं काहीही योहानाने लिहिलेलं नाही. ही जागा मोकळीच ठेवावी. ‘त्याने आनंदाने लगेच दिलं’ असं जोडलं की जे मूल देताना अडखळतं ते स्वतःला वाईट समजू लागतं. त्याऐवजी विचारावं, “तुला काय वाटतं, त्याला कसं वाटलं असेल?” आणि उत्तर दुरुस्त करू नये. रोममध्ये १९५४ पासून सोफिया कावाल्लेत्ती आणि जाना गोब्बी यांनी माँटेसरींच्या वाटेने मुलांच्या धर्मशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यातून मी हेच घेतलं आहे. पवित्र शास्त्रातला प्रसंग मुलासमोर ठेवावा, तात्पर्य त्याच्या गळ्यात बांधू नये.

आणखी एक वळण टाळावं. “खरं तर सगळ्यांनी लपवलेले डबे बाहेर काढले, तोच चमत्कार” असं हल्ली बरेचजण सांगतात. हेतू चांगला असतो. पण त्यात पाच हजार माणसं आधी लपवाछपवी करणारी ठरतात आणि येशूने केलेलं काही उरत नाही. शिवाय कॅथलिक धर्मशिक्षण या चमत्काराकडे ख्रिस्तप्रसादाची पूर्वखूण म्हणून पाहतं. कम्युनियनच्या वाटेवरच्या मुलाकडून ते काढून घेऊ नये.

घरी काय करायचं? पहिले काही आठवडे मुलाला स्वतःचं काही द्यायला सांगू नका, वाढायला सांगा. शिष्यांनी वाटलं ते त्यांच्या डब्यातलं नव्हतं. पाहुण्यांना चकल्या, बहिणीला केळ्याचे काप, आजीला चहासोबतची बिस्किटं, हे सगळं मुलाच्या हातून जाऊ द्या. त्याच्या वाट्याचं आधी वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि ती वाटी त्याला दाखवा. देण्याचा हात आणि भरलेलं पोट त्याला एकत्र अनुभवू द्या.

त्यानंतर निवड. पाहुणे येण्याआधी न देण्याची दोन खेळणी त्याला कपाटात ठेवू द्या, बाकीची सगळ्यांसाठी. खाऊच्या बाबतीत “दे” म्हणण्याऐवजी “किती देशील?” विचारा आणि उत्तर ‘एक’ आलं तरी ते मान्य करा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या ज्या मुलांना स्वतःहून निवडून द्यायला मिळालं, त्यांनी पुढच्या वेळी जास्त दिलं. हातातून हिसकावून वाटलेल्या वस्तूने मूल फक्त पकड घट्ट करायला शिकतं. खेळणं असेल तर “तुझं खेळून झालं की त्याला दे” एवढंच पुरतं. मधे घड्याळ लावून बसू नये.

शाबासकी जपून द्यावी. “किती शहाणा, बघ बहीण देत नाही” या वाक्याने देणं ही स्पर्धा होते. “तू दिलंस, तो हसला” एवढं म्हणावं. चॉकलेटचं बक्षीस तर नकोच, कारण मग पुन्हा तोच जुना सौदा सुरू होतो: दिलं की मिळतं.

वयाचीही थोडी समज ठेवा. वाटून घ्यावं हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं, पण स्वतःवर वेळ आली की समान वाटणी साधारण सात-आठ वर्षांपर्यंत जमत नाही. कळणं आणि जमणं यांत काही वर्षांचं अंतर असतं, तो दोष नाही.

या मुलाच्या घरी आईने डब्यात तिसरी चपाती ठेवायला सुरुवात केली, वेगळ्या कागदात गुंडाळून, “ही हवी तर द्यायची, नको तर परत आण” असं सांगून. सुरुवातीला ती परत यायची. आईने एकदाही विचारलं नाही, आणि ते तिला सगळ्यात जड गेलं. मग एक दिवस कागदच परत आला. वर्गात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा डबा घरी राहिला होता.

मूल खाणं लपवत असेल तर शिकवायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. डबा पुरतो का? वर्गात कुणी तो रोज हिसकावतं का? आणि घरी भावंडाला जास्त मिळतं असं त्याला वाटतं का? लपवलेलं अन्न कपाटात सडेपर्यंत साठत असेल, किंवा मूल एकटं असतानाच खात असेल आणि हे महिनाभर चाललं असेल, तर गोष्ट बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला भेटावं.