“ह्यांचं माझ्यावरचं मन उडालंय”

काकूंनी बसल्या बसल्याच हे वाक्य टाकलं. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, हा अनुभव लिहिते आहे. कारण प्रोस्टेट कॅन्सरसाठी हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू झालं की “माणूस बदलला हो” ही तक्रार घेऊन किती तरी बायका माझ्याकडे येतात.

काका 68 वर्षांचे. उपचारांची जाड फाइल त्यांनी छातीशी धरली होती. “टेबलावर ठेवा ना,” म्हटलं तर “असू दे” म्हणाले. पंखा सुरू होता, तरी थोड्या वेळात त्यांची मान आणि चेहरा लाल झाला, कपाळावर घाम डबडबला. एका हाताने रुमाल काढून तोंड पुसलं, पण दुसऱ्या हातातली फाइल काही हलली नाही.

काकू सांगत होत्या. दर तीन महिन्यांनी एक, अशी दोन इंजेक्शनं झाली होती. चार महिन्यांपासून काका वेगळ्या खोलीत झोपतात. जवळ बसलं तर उठून जातात. परवा नातीचा फोन ठेवला आणि हमसून हमसून रडले. “चाळीस वर्षांत ह्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं मी.”

मी काकांशी थोडा वेळ एकट्याने बोलले. मग कळलं. रात्री तीन-चार वेळा अंगातून वाफा निघतात, बनियन पिळून काढावं इतकं भिजतं. उशीखाली दोन कोरी बनियनं ठेवून ते अंधारातच बदलतात. काकूंची झोप मोडू नये म्हणून खोली बदलली. आणि फाइल? छाती दुखरी झाली होती, थोडी वाढलीही होती. “बाईसारखी दिसते हो,” एवढंच म्हणाले आणि खाली बघत राहिले. इच्छा तर पूर्ण गेली होती. पुढचं इंजेक्शन आठवड्यावर आलं होतं, ते घ्यायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. “पीएसए (कॅन्सर किती आटोक्यात आहे ते सांगणारा रक्तातला आकडा) उतरलाय, पण असं जगून करू काय?”

असं वाक्य आलं की मी थेटच विचारते, जीव संपवावासा वाटतो का? नाही म्हणाले. थकलोय, म्हणाले. तरी मन इतकं खचलंय हे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, हे मी तिथेच त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. उदासी हाही या उपचाराचा परिणाम असू शकतो आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

मग दोघांना एकत्र बसवलं. या कॅन्सरच्या पेशी टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हॉर्मोनवर पोसल्या जातात. चार्ल्स हगिन्स या डॉक्टर-संशोधकांनी 1941 साली हे दाखवून दिलं, त्यासाठी 1966 साली त्यांना नोबेल मिळालं. तेव्हा त्यासाठी वृषणं काढून टाकावी लागत. आता इंजेक्शन मेंदूकडून वृषणांना जाणारा निरोपच थांबवतं आणि साधारण महिनाभरात टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला जातं. त्याबरोबर इच्छा जाते, ताठरता जाते, थकवा येतो, मन हळवं होतं. मेंदूचं अंगाच्या तापमानावरचं नियंत्रण ढळतं, म्हणून वाफा.

“म्हणजे माझी पाळी जाताना व्हायचं तसंच?” काकूंनी विचारलं. अगदी तसंच. त्या बराच वेळ काकांकडे बघत राहिल्या. “अहो, मग मला सांगायचं ना! मला विचारायचं तरी!”

मला राग येतो तो इथे. कागदावर ‘लैंगिक इच्छा कमी होऊ शकते’ अशी एक ओळ असते. ती बायकोला कुणी वाचून दाखवत नाही, नवऱ्याची सांगायची हिंमत होत नाही. मग औषधाने केलेलं दोघं एकमेकांच्या माथी मारतात.

इंजेक्शन आपल्या मनाने चुकवू नका, हे मी काकांना दोनदा बजावलं. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मात्र आम्ही तिथेच लिहून काढले. वाफांवर औषध देता येईल का? छातीचं आताच दाखवलं तर काही करता येईल का? कॅन्सरच्या काही गोळ्यांनी छातीचा हा त्रास अधिक होऊ शकतो आणि जितकं लवकर सांगावं तितकं बरं. हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाची तपासणी. काही रुग्णांना उपचार मध्ये थांबवून पुन्हा सुरू करता येतात, मी त्यात बसतो का? व्यायामाचं मी स्वतः आग्रहाने सांगते. नुसतं चालणं नको, डॉक्टरांना विचारून वजन उचलण्याचाही व्यायाम हवा. स्नायू टिकतात आणि थकव्यावर त्याचा चांगला उपयोग होतो.

सगळं सुटलं नाही. उपचार चालू आहेत तोवर इच्छा परत येण्याची शक्यता कमीच, आणि पुढे थांबले तरी शरीर सावरायला कित्येक महिने लागतात. हेही मी लपवलं नाही. पण हात हातात घ्यायला, पाठ चोळून द्यायला इच्छा लागत नाही. काका जवळ यायला घाबरत होते, कारण जवळ गेलं की पुढचं अपेक्षित असेल आणि ते जमणार नाही. काकू म्हणाल्या, “मला नुसतं शेजारी झोपलेलं हवंय हो.”

तिसरं इंजेक्शन त्यांनी घेतलं. वाफांसाठी डॉक्टरांनी गोळी दिली, वाफा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. आता एका खोलीत, वेगवेगळ्या चादरी घेऊन झोपतात. रात्री काका हळूच “आली गं” म्हणतात आणि काकू अर्धवट झोपेतच हात लांबवून पंखा वाढवतात.