हेडिंग आणि कोर्स, दोन्हींना ‘दिशा’ म्हणावं का?

प्रश्न असा: लहान विमानाच्या प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करताना हेडिंग आणि कोर्स या दोन्हींना ‘दिशा’ म्हटलं तर चालेल का? आणि हॉरिझाँटल सिच्युएशन इंडिकेटरला, म्हणजे एचएसआयला, ‘आडवा स्थितिदर्शक’ म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर ठाम ‘नाही’. या दोन गोष्टी वेगळ्या दिसाव्यात म्हणून तर एचएसआय हे उपकरण आहे. त्याची गोल तबकडी होकायंत्रासारखी फिरते आणि वरच्या स्थिर खुणेखाली जो आकडा येतो, ते हेडिंग, म्हणजे विमानाचं नाक कुठे आहे ते. कोर्स, म्हणजे ज्या मार्गाने जायचंय तो, वैमानिक बटण फिरवून बाणाने लावतो. तो बाण मग तबकडीबरोबरच फिरतो.

समजा ०९० या कोर्सवर पूर्वेला जायचंय, वेग १०० नॉट आणि दक्षिणेकडून १४ नॉटचा वारा आहे. नाक ०९० वर ठेवलं तर विमान डावीकडे वाहत जाईल. म्हणून वैमानिक नाक साधारण ०९८ वर धरतो. आता तबकडीवर वर ०९८ आहे, बाण किंचित डावीकडे कललाय आणि त्याची मधली, मार्ग कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारी सरकती दांडी मात्र बरोबर मध्यावर. सगळं ठीक चाललंय! खाडीत होडी पलीकडे नेणारा नावाडी तिचं पुढचं टोक ओढीच्या वरच्या अंगाला धरतो, तेच हे. इथे दोन्हींना ‘दिशा’ म्हटलं तर वाचणारा नाक ०९० वर आणायला जाईल.

हेडिंगला ‘रोख’ हा शब्द मला फार आवडतो. ‘त्याच्या बोलण्याचा रोख’ आपण रोज म्हणतो, त्यात तोंड कुठे आहे हा अर्थ आहेच. कोर्सला ‘आखलेला मार्ग’ म्हणावं. रेडियल, म्हणजे व्हीओआर या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रातून ठरावीक अंशावर निघणारी रेषा, मात्र रेडियलच राहू द्या. ‘त्रिज्या’ म्हटलं की लांबी डोळ्यांसमोर येते. शिवाय रेडियल नेहमी व्हीओआर केंद्रापासून बाहेर मोजतात. केंद्राच्या पश्चिमेला २७० रेडियलवर असलेलं विमान ०९० कोर्सने केंद्राकडे येतं.

क्रियापदही जपून वापरा. ‘दांडी उजवीकडे गेली’ म्हणजे विमान उजवीकडे गेलं असं नव्हे. मार्ग उजवीकडे राहिला, विमान त्याच्या डावीकडे आहे. उपकरणाच्या मध्यावर काढलेलं चिमुकलं विमान जागचं हलत नाही. ‘दांडी दोन मैल सरकली’ हेही व्हीओआरच्या बाबतीत चूक, कारण ती कोन दाखवते. ती पूर्ण टोकाला गेली की कोन १० अंशांचा. म्हणजे केंद्रापासून ६० सागरी मैलांवर सुमारे १० मैल, ३० वर सुमारे ५.

आता ‘आडवा’. त्याने उपकरणच आडवं बसवलंय असं वाटतं, आणि ‘क्षितिजदर्शक’ म्हणावं तर विमानाचा कल दाखवणाऱ्या कृत्रिम क्षितिजाशी गोंधळ होतो. ते उपकरण निराळं. इथे हॉरिझाँटलचा अर्थ क्षितिजसमांतर प्रतलातलं, म्हणजे वरून नकाशासारखं पाहिलेलं. नावात एचएसआय ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘विमान मार्गाच्या कुठल्या बाजूला आहे ते वरून पाहिल्यासारखं दाखवणारं उपकरण’ एवढं लिहा. बारामती-गोंदियाला विमान शिकणाऱ्या मुलांना रेडिओवर हेच इंग्रजी शब्द बोलायचे असतात, तेव्हा अर्थ मराठीत आणि नाव मूळचं हीच सोय बरी.