किटवर सिफिलिसची रेघ आली, आता काय?

प्रश्न: चौथा महिना चालू आहे. आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेलं, तिथे बोटाला टोचून एकाच किटवर एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बघितलं. एचआयव्ही निगेटिव्ह, पण सिफिलिसच्या जागी फिकट रेघ आली. मला त्रास काहीच नाही, पूर्वी असला कुठला इलाजही झालेला नाही. टेस्ट चुकली असेल का? मिस्टरांना सांगायची तर हिंमतच होत नाही, ते म्हणतील तूच कुठून तरी आणलंस. – एक वाचक

उत्तर: ताई, आधी इंजेक्शन, बाकी सगळं नंतर. सिफिलिस हा मुख्यतः शरीरसंबंधातून लागणारा आजार, आणि रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच धरतात. वीसेक मिनिटांत लागणारी ही टेस्ट जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज पकडते आणि त्या इलाज झाल्यावरही बहुतेकदा जन्मभर रक्तात राहतात, म्हणून आजार आत्ता चालू आहे का हे बघायला आरपीआर किंवा व्हीडीआरएल ही रक्ताची दुसरी तपासणी करतात. ते रक्त त्याच दिवशी द्या, पण रिपोर्टसाठी इंजेक्शन थांबवू नका, कारण त्रास नसला तरी जंतू वारेतून बाळापर्यंत जातो आणि गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं.

इंजेक्शन बेंझाथिन पेनिसिलिनचं, कमरेत देतात, दुखतं खरं. लागण कधीची ते माहीत नसेल तर २४ लाख युनिटचे ३ डोस, दर आठवड्याला एक, आणि मध्ये जास्त खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. पहिल्या डोसनंतर दिवसभरात ताप येऊ शकतो, पण पोटात कळा आल्या तर लगेच दवाखाना गाठा.

आता मिस्टरांचं. सिफिलिस वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे कोणाकडून कोणाला आलं हे कुठलीच टेस्ट सांगत नाही आणि ही रेघ म्हणजे तुमच्या चारित्र्याचा दाखला अजिबात नाही. त्यांचीही तपासणी आणि इलाज व्हायलाच हवा, नाहीतर तुम्हाला परत लागण होऊ शकते, तोवर संबंध टाळा. घरी बोलायची भीती वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकच्या (लैंगिक आजारांसाठीचा सरकारी दवाखाना) समुपदेशकांना आधी एकट्या भेटा, मग दोघांना समोर बसवून त्याच बोलतील. १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करूनही विचारता येतं, पैसे लागत नाहीत.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर सगळे रिपोर्ट आणि इंजेक्शनच्या तारखा सोबत न्या, बाळाची तपासणी करताना तिथल्या डॉक्टरांना त्या लागतात.