एस्केप दाबला तरी रांगोळी थांबेना

प्रश्न : सर, मी अकरावीत आहे, डिचोलीला राहते. चवथीला मखराच्या बाजूला लॅपटॉप ठेवून त्यावर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या टर्टलने (पडद्यावर रेषा काढणारं मॉड्यूल) सतत रांगोळी काढायची असं ठरवलंय. प्रोग्राम मस्त चालतो, पण एस्केप दाबून बंद होत नाही. ऑनकी लिहिलंय तरी काहीच होत नाही, आणि फुलीवर क्लिक केलं की टर्टल डॉट टर्मिनेटर अशी लाल एरर येते. काय चुकतंय?

उत्तर : कल्पना फार आवडली गं! तुझा कोड बघितला, त्यात स्क्रीन डॉट लिसन ही ओळच नाहीये. ऑनकी फक्त सांगतं की अमुक की दाबली तर अमुक फंक्शन चालव, पण लिसन लिहिल्याशिवाय विंडो कीबोर्डकडे लक्षच देत नाही. आणि चालू असताना दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं असशील तर आधी रांगोळीवर एकदा क्लिक कर, मगच की दाब. एस्केप लिहिताना पहिला ई कॅपिटल हवा. ऑनकीत फंक्शनचं नाव कंसाशिवाय दे, कंस लावलेस तर ते तिथल्या तिथेच चालतं, की दाबायची वाटच बघत नाही.

आता ती लाल एरर. विंडो गेली तरी तुझा व्हाइल ट्रू, म्हणजे कधीच न थांबणारा लूप, फिरतच असतो, पुढचं फॉरवर्ड मारायला जातो आणि कागदच नाही म्हणून अडतो. एस्केपवर थेट बाय (विंडो बंद करणारं फंक्शन) ठेवलंस तरी हेच होणार. म्हणून एक व्हेरिएबल ठेव, त्याला चालू असं नाव दे (पायथन 3 मध्ये देवनागरी नाव खरंच चालतं, करून बघ), सुरुवातीला ट्रू. एस्केपच्या फंक्शनमध्ये ते फॉल्स कर, पण त्याआधी ग्लोबल चालू लिहायला विसरू नकोस, नाहीतर फंक्शनच्या आतलं वेगळंच चालू बदलतं, बाहेरचं तसंच राहतं आणि तू तासभर डोकं धरून बसशील. मग व्हाइल ट्रूच्या जागी व्हाइल चालू, आणि लूप संपल्यावर खाली बाय.

अजून एक, तुझ्या एका फेरीत 36 पाकळ्या आहेत आणि व्हाइल तपासतो फेरी संपल्यावर, म्हणजे की दाबल्यावरही उरलेल्या पाकळ्या काढूनच थांबेल. मला विचारशील तर ते छानच दिसेल, अर्धवट रांगोळी कशाला सोडायची! पण लगेच थांबायला हवं असेल तर आतल्या फॉर लूपमध्येही चालू तपास आणि ब्रेक मार. मध्ये टाइम डॉट स्लीप टाकलं असशील तर काढ, तेवढा वेळ की ऐकूच येत नाही. वेग कमी करायचा तर टर्टलचं स्पीड वापर.