वाळवंटातल्या नदीचं पात्र एका पुरात बदलतं की हळूहळू?

मोठा बदल एकाच पुरात होतो, आणि मग पुढची कित्येक वर्षं पात्र हळूहळू भरत, अरुंद होत जातं. कारण तिथे काठ धरून ठेवायला झाडांची मुळं फारशी नसतात, पाणी येतं तेही अचानक, त्यामुळे वाळूचा काठ खालून पोखरला जातो आणि वरचा भाग ढेकळासारखा कोसळतो, आणि पात्र एकदम रुंद होतं. पूर ओसरताना पाणी वाळूतच जिरतं, म्हणून गाळ पुढे न जाता तिथेच बसतो, त्यावर झुडपं उगवतात, ती अजून गाळ अडवतात आणि पात्र आवळत जातं. पुरात पात्र खोलही होऊ शकतं, त्याचं उदाहरण बघायचं तर अमेरिकेत ॲरिझोनात टक्सनजवळची सांताक्रूझ नदी, १८९० च्या पुरात तिच्या पात्रातली पायरीसारखी उभी कड उगमाच्या दिशेने मैलोन्‌मैल कापत गेली आणि मागे उभ्या भिंतींची खोल घळ राहिली (शेतीसाठी खणलेला चर हे त्याचं एक मोठं कारण, हे लोक विसरतात). फक्त हे सगळं वाळू-मातीच्या काठांचं झालं, पात्र खडकात असेल तर एका पुराने आकार फारसा हलत नाही.